बी१६-एफ१० मेलॅनोमा पेशी आणि मेलॅनिन मोजण्याचे तयार किट : एक परीक्षण

त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये रंगद्रव्य कसे तयार होते आणि त्याच्या निर्मितीवर कोणत्या संदेशमार्गांचा ताबा असतो, हे शिकण्यासाठी किंवा तपासण्यासाठी पुण्यातील जैवतंत्रज्ञानाची महाविद्यालये, फार्मसीचे विभाग आणि सौंदर्यप्रसाधनांच्या छोट्या प्रयोगशाळा दोन वस्तू हमखास मागवतात. एक म्हणजे उंदराच्या मेलॅनोमापासून (रंगपेशींच्या कर्करोगापासून) मिळालेली बी१६-एफ१० ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींचा वाण, आणि दुसरी म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य मोजण्याचे तयार किट. आमच्या प्रयोगशाळेत दोन्हींचा वापर नियमित झालेला आहे. पहिली वस्तू अवश्य घ्यावी, मात्र आपण ती कशासाठी घेत आहोत हे आधी ठरवून घ्यावे; दुसरी घेण्याचे कारण मला सापडलेले नाही.

या पेशींचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या बऱ्याच गुणदोषांचे मूळ त्यातच आहे. अमेरिकेतील जॅक्सन लॅबोरेटरीमध्ये १९५४ साली सी५७बीएल/६ जातीच्या काळ्या उंदराच्या त्वचेवर आपोआप उद्भवलेली गाठ म्हणजे बी१६. पुढे आयझाया फिडलर यांनी या पेशी उंदरांच्या रक्तप्रवाहात सोडून फुफ्फुसात रुजलेल्या वसाहती पुन्हा पुन्हा वेगळ्या केल्या, आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातील दहाव्या फेरीनंतरच्या पेशींना एफ१० हे नाव मिळाले. म्हणजे ही निवड झाली ती फुफ्फुसात पसरण्याच्या क्षमतेसाठी, रंगासाठी नव्हे. रंग मूळच्या काळ्या उंदराकडून आलेला आहे, आणि तो प्रामुख्याने तपकिरी-काळा युमेलॅनिन असतो.

पुण्यात राहणाऱ्याला एक सोय आपसूक मिळते. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आणि तिचा राष्ट्रीय पेशीसंग्रह सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात आहे, त्यामुळे पेशी प्रवासात ताटकळत नाहीत. परगावच्या प्रयोगशाळांना वाहतुकीतील तापमान आणि दिरंगाई यांचा हिशेब करावा लागतो. एवढी सोय असूनही ओळखीच्या प्रयोगशाळेतून 'एक फ्लास्क द्या' म्हणून पेशी मागून आणण्याची आपल्याकडची सवय काही सुटत नाही. अशा उसनवारीच्या फ्लास्कमध्ये पेशी कितव्या पिढीच्या आहेत आणि त्यांना मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संसर्ग आहे की नाही, याची खातरजमा कोणीच केलेली नसते.

आता मुख्य मुद्दा. या पेशींचा सर्वांत मोठा गुण असा की त्यांचे उत्तर डोळ्यांना दिसते. सहा खणांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवाव्यात, एका खणात काहीच घालू नये, दुसऱ्यात १०० नॅनोमोलर अल्फा-एमएसएच हे रंगनिर्मिती चेतवणारे संप्रेरक आणि तिसऱ्यात २० मायक्रोमोलर फोर्सकोलिन घालावे, आणि ७२ तासांनी तिन्ही खणांतील पेशी सुटवून लहान नळ्यांमध्ये घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्याव्यात. नळ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या की पहिल्या नळीच्या तळाशी फिकट करडा ठिपका दिसतो, दुसरीत गडद तपकिरी, आणि तिसरीत फोडणीत करपलेल्या मोहरीसारखा काळा. यंत्राविना, रंजकाविना आणि सॉफ्टवेअरविना संदेशवहनाचा परिणाम दाखवणारे दुसरे इतके स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी या तीन नळ्या पाहतात, तेव्हा 'ग्राही', 'द्वितीय संदेशवाहक' हे फळ्यावरचे शब्द त्यांना प्रथमच खरे वाटू लागतात.

फोर्सकोलिनबद्दल जाता जाता एक नोंद. हा पदार्थ कोलिअस या आपल्याकडील वनस्पतीच्या मुळांतून मिळतो, आणि १९७० च्या दशकात तो वेगळा करण्याचे काम मुंबईतील हेक्स्टच्या संशोधन केंद्रात झाले. आज जगभर जिथे जिथे ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम थेट चेतवायचे असते, तिथे तिथे तो वापरला जातो. आपले विद्यार्थी मात्र परदेशी कंपनीच्या इवल्या बाटलीवरचे त्याचे नाव वाचून तो परदेशी मानतात.

या तीन नळ्यांमागे काय घडते, ते क्रमाने पाहिले तर पेशींची खरी किंमत कळते. अल्फा-एमएसएच हे १३ अमिनो आम्लांचे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरील एमसी१आर या ग्राहीला चिकटते. या ग्राहीचे जनुक १९९२ मध्ये वेगळे करण्यात आले. ग्राही जी-प्रथिनामार्फत ॲडेनिलिल सायक्लेजला जागे करतो, पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए (असे कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारे एन्झाइम) मोकळे होते आणि केंद्रकातील क्रेब या प्रथिनाच्या १३३ व्या सेरीनवर फॉस्फेट बसवते. क्रेब मग एमआयटीएफ या प्रतिलेखन घटकाच्या जनुकाला चालना देते. एमआयटीएफ हा रंगपेशींचा खरा कारभारी. तो टायरोसिनेज, टीआरपी-१ आणि टीआरपी-२ या तीन एन्झाइमांची जनुके वाचायला लावतो. त्यांपैकी टायरोसिनेज हे तांबेधारी एन्झाइम टायरोसीनपासून डोपाक्विनोनपर्यंतचा वेग ठरवते आणि पुढच्या पायऱ्या बाकीची दोन सांभाळतात. फोर्सकोलिन ग्राहीला वगळून थेट ॲडेनिलिल सायक्लेजवर काम करते, म्हणूनच तिसरी नळी दुसरीपेक्षा काळी होते.

या साखळीला वेळापत्रक आहे आणि बी१६-एफ१० ते चांगले पाळते. क्रेबवरील फॉस्फेट पहिल्या तासाभरातच वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) दिसतो, एमआयटीएफ काही तासांत वर चढतो, टायरोसिनेजची पट्टी साधारण २४ ते ४८ तासांत ठळक होते आणि रंग सर्वांत शेवटी येतो. तेव्हा ७२ तासांनंतरच्या पेशींमध्ये क्रेब शोधून 'फरक आढळला नाही' असे लिहिणाऱ्या प्रबंधांमध्ये दोष ना पेशींचा असतो ना प्रतिपिंडाचा. गाडी स्थानकातून केव्हाच सुटलेली असते.

सायक्लिक एएमपीचा हा मार्ग सरळ आहे. खरी मौज आणि खरी डोकेदुखी सुरू होते ती ईआरकेपाशी. ईआरके हे कायनेज एमआयटीएफच्या ७३ व्या सेरीनवर फॉस्फेट बसवते. त्यामुळे एमआयटीएफची कार्यक्षमता वाढते, पण त्याच खुणेमुळे त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का बसून तो पेशीच्या प्रोटिअसोममध्ये नष्टही होतो. यातील गंमत अशी की सायक्लिक एएमपी स्वतःच या रंगपेशींमध्ये ईआरके चेतवते, म्हणजे जो संदेश रंग बनवायला सांगतो तोच आपला लगामही घेऊन येतो. म्हणूनच ईआरकेच्या वरच्या पायरीवरील एमईके या एन्झाइमला पीडी९८०५९ सारख्या रोधकाने थांबवले की बी१६ पेशींत मेलॅनिन वाढते. हा प्रयोग मी प्रत्येक नवीन तुकडीकडून करून घेतो, कारण 'मार्ग चेतवला की उत्पादन वाढते' हा पाठ्यपुस्तकी समज त्यातून एका फटक्यात मोडतो.

पीआय३-कायनेज आणि एकेटी या एन्झाइमांचा मार्गही असाच. एलवाय२९४००२ या रोधकाने तो बंद केला की या पेशी गडद होतात. याचे एक स्पष्टीकरण असे की एकेटीचा दाब उठल्यावर जीएसके-३-बीटा हे कायनेज मोकळे होते आणि एमआयटीएफच्या २९८ व्या सेरीनवर फॉस्फेट बसवून टायरोसिनेजच्या जनुकाच्या प्रमोटरवरील (जनुक सुरू करणाऱ्या भागावरील) त्याची पकड घट्ट करते. एवढे ऐकल्यावर जीएसके-३-बीटा थांबवले तर रंग घटेल असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात लिथियम क्लोराइडने ते थांबवले तरी बी१६ पेशींत रंग वाढतो, कारण आता दुसऱ्या बाजूने डब्ल्यूएनटीचा संदेशमार्ग उघडतो, त्यातील बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकून राहते, केंद्रकात जाते आणि एमआयटीएफच्या जनुकाला चालना देते. एकाच एन्झाइमच्या हाती रंग वाढवण्याच्या दोन परस्परविरोधी किल्ल्या आहेत. याचा खरेदीदाराला कळणारा अर्थ असा : निव्वळ रंग पाहून कोणता मार्ग चालू झाला हे सांगता येत नाही. पेशी काय घडले ते सांगतात, पण कसे घडले ते सांगायला प्रतिपिंडे, रोधक आणि वेगवेगळ्या वेळांचे नमुने लागतात. पेशींपेक्षा किती तरी अधिक पैसा तिथे खर्च होतो. अंदाजपत्रक करताना हे ध्यानात घेतले नाही तर काळ्या-करड्या नळ्यांच्या छायाचित्रापलीकडे हाती काही लागणार नाही.

पी३८ या तिसऱ्या कायनेजबाबत तर प्रसिद्ध झालेले निष्कर्षच एकमेकांशी भांडतात. काही अभ्यासांत तो रंग वाढवणारा ठरतो. तर काहींत तो कमी केल्यावर टायरोसिनेजचे विघटन मंदावून रंग वाढलेला दिसतो, आणि त्याच्या नेहमीच्या रोधकांपैकी काही पी३८ शी संबंध नसलेल्या मार्गानेही रंग वाढवतात असे आढळले आहे. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रकल्पासाठी पी३८ निवडू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

या पेशींचा सर्वांत मोठा सापळा मात्र संदेशवहनात नसून बाटलीतल्या पोषक माध्यमात आहे. मेलॅनिनचा कच्चा माल टायरोसीन. डीएमईएम या माध्यमात ते लीटरमागे सुमारे ७२ मिलिग्रॅम असते, तर आरपीएमआय-१६४० मध्ये सुमारे २० मिलिग्रॅम. एका प्रयोगशाळेने डीएमईएममध्ये वाढवलेल्या पेशी दुसरीने आरपीएमआयमध्ये घेतल्या आणि 'आमच्या पेशी पांढऱ्या पडल्या' अशी तक्रार केली, तर तिचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. त्यात भर म्हणून, पेशींची दाटी झाली की माध्यम आम्लधर्मी होते, आणि आम्लता वाढली की टायरोसिनेज मंदावते. आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. इन्क्युबेटरला पर्यायी वीज नसेल तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ढळते, माध्यमाचा पीएच सरकतो, आणि त्या आठवड्याच्या आकड्यांत कोणत्याही संदेशमार्गाशी संबंध नसलेला फरक घुसतो. तुलना करायचे सगळे खण एकाच दिवशी, एकाच बाटलीतील माध्यमात आणि एकाच घनतेने पेरणे हाच त्यावर उपाय आहे.

आता किटकडे वळतो. आम्ही वापरलेल्या किटचे नाव देत नाही, कारण त्यातील उणिवा एकट्या त्या उत्पादनाच्या असतील असे मला वाटत नाही. आकर्षक खोक्यात एक बाटली सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची, एक डीएमएसओ या द्रावकाची, एक लहान कुपी कृत्रिम मेलॅनिनची आणि एक घडी घातलेले माहितीपत्रक निघाले. कृत्रिम मेलॅनिन दिलेल्या द्रावणात पुरते विरघळेना. तळाशी काळे कण राहिले आणि प्रमाण-आलेखाचे वरचे बिंदू खाली झुकले. द्रावण ८० अंश सेल्सिअसला तापवून अधूनमधून हलवल्यावर काम झाले, पण ही सूचना माहितीपत्रकात नव्हती. त्याहून गंभीर उणीव म्हणजे मेलॅनिनचा आकडा पेशींतील एकूण प्रथिनाने भागावा, याचा त्यात उल्लेखच नव्हता.

ज्यांना हे मोजमाप करायचे आहे त्यांनी किटचा खर्च वाचवावा. पेशींचा साका १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १० टक्के डीएमएसओ यांच्या द्रावणात घेऊन ८० अंशांवर तासभर ठेवायचा आणि ४०५ नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजायचे, एवढेच ते काम आहे. लागणारी रसायने कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनकपाटात असतात. कृत्रिम मेलॅनिन तेवढे वेगळे विकत घ्यावे लागते, पण एक बाटली अनेक तुकड्यांना पुरते. प्रथिन मोजण्यासाठी त्याच खणातील थोड्या पेशी अल्कली घालण्याआधी बाजूला काढाव्यात. टायरोसिनेजची क्रियाशीलता हवी असेल तर पेशींच्या अर्कात एल-डोपा घालून ४७५ नॅनोमीटरला डोपाक्रोमचा वाढता रंग पाहावा. त्यासाठीही किट लागत नाही.

प्रथिनाने भागण्याचा आग्रह मी का धरतो, ते पुण्यात सर्वाधिक होणाऱ्या प्रकल्पावरून सांगता येईल. ज्येष्ठमध, मंजिष्ठा, आवळा यांपैकी एखाद्याचा अर्क घ्यायचा, तो बी१६-एफ१० पेशींवर घालायचा आणि 'मेलॅनिन घटले' म्हणून तो त्वचा उजळणारा ठरवायचा, असा हा प्रकल्प असतो. अर्काने निम्म्या पेशी मेल्या तर खणातील मेलॅनिन निम्म्यावर येणारच. त्यातून अर्क विषारी आहे एवढेच कळते. पेशी जिवंत आहेत हे दाखवायला बहुतेक जण एमटीटी चाचणी (जिवंत पेशी एमटीटी या रसायनाला जांभळे करतात, त्यावर आधारलेली) लावतात, पण वनस्पतींमधील पॉलिफेनॉल हे एमटीटीचे स्वतःच क्षपण करून जांभळा रंग देऊ शकतात, आणि मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. मंजिष्ठेची अडचण आणखी वेगळी आहे. तिच्या मुळातील अँथ्राक्विनोन अल्कलीत लालभडक होतात, म्हणजे मेलॅनिन विरघळवण्यासाठी घातलेले सोडियम हायड्रॉक्साइडच वाचनात भर घालते. अशा अर्कासाठी पेशीविरहित खण आणि अर्क घातलेला पण लगेच धुतलेला खण, असे दोन्ही नमुने शेजारी हवेत. ज्येष्ठमधाची निवड त्या मानाने सयुक्तिक आहे, कारण त्यातील ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला रोखते हे ज्ञात आहे.

तिथेही प्रश्न उरतो तो रोखण्याच्या पातळीचा. कोजिक आम्ल टायरोसिनेजमधील तांबे पकडून एन्झाइमचे काम थांबवते, म्हणून त्याच्या मात्रेने रंग उतरला तर त्याचा अर्थ संदेशमार्ग दबला असा होत नाही. क्रेब, एमआयटीएफ आणि टायरोसिनेजची पट्टी यांपैकी नेमके काय घटले, हे पाहिल्याविना 'अमुक अर्क एमआयटीएफ मार्गाने रंग कमी करतो' असे लिहू नये. तसे लिहिलेले सर्रास दिसते.

उंदराच्या पेशींवरून माणसाच्या त्वचेबद्दल बोलण्याची मर्यादाही इथेच नोंदवतो. बी१६-एफ१० अल्फा-एमएसएचला जेवढा जोरकस प्रतिसाद देते, तेवढा मानवी मेलॅनोमाच्या बहुतेक सेल लाइन देत नाहीत. फ्लास्कमध्ये केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील मुख्य पेशी, नसतात. त्वचेत मात्र उन्हाने दुखावलेल्या केराटिनोसाइटच अल्फा-एमएसएच पुरवतात आणि तयार झालेले मेलॅनोसोम (मेलॅनिनच्या सूक्ष्म पिशव्या) शेवटी त्याच पेशींकडे सोपवले जातात. रंग दिसतो तो त्या देवाणघेवाणीमुळे. क्रीमच्या जाहिरातीत 'प्रयोगशाळेत सिद्ध' असे छापताना ज्या पेशींचा आधार घेतला जातो, त्या बऱ्याचदा याच उंदराच्या गाठीच्या पेशी असतात, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. प्रसाधन कंपनीसाठी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेने निदान पहिल्या चाळणीनंतर तरी मानवी पेशींकडे वळावे.

कर्करोगाच्या बाजूनेही ही मर्यादा लागू होते. मानवी त्वचेच्या मेलॅनोमापैकी सुमारे निम्म्यांत बीआरएएफ जनुकातील ६०० व्या स्थानचा बदल आढळतो, ही गोष्ट २००२ मध्ये पुढे आली आणि २०११ मध्ये अमेरिकेत हे बदललेले बीआरएएफ रोखणाऱ्या व्हेम्युराफेनिब या औषधाला मान्यता मिळाली. बी१६-एफ१० मध्ये हा बदल नाही, त्यामुळे त्या औषधाचा अभ्यास करायला ती निरुपयोगी आहे. ईआरकेच्या लगामाचा जो धडा ती शिकवते तो मात्र इथे उपयोगी पडतो. बदललेल्या बीआरएएफमुळे ईआरके सतत चालू असते आणि रोधक दिल्यावर रंगपेशींची ओळख सांगणारी प्रथिने वाढलेली दिसतात, हे निरीक्षण समजून घ्यायला पीडी९८०५९ चा साधा प्रयोग केलेला विद्यार्थी अधिक तयार असतो. भारतीयांमध्ये मेलॅनोमा मुळातच दुर्मीळ, आणि होतो तेव्हा तळपायासारख्या जागी होण्याचे प्रमाण लक्षणीय. अशा गाठींत बीआरएएफमधील बदल तुलनेने कमी आणि केआयटी या जनुकातील अधिक सापडतात. म्हणजे परदेशी बीआरएएफ सेल लाइन आणली म्हणून आपल्या रुग्णांचे चित्र हाती आले, असेही नाही.

मानवी पर्यायांपैकी एमएनटी-१ या पेशी भरपूर रंग बनवतात आणि रंगाच्या कामासाठी मला त्या सर्वांत योग्य वाटतात, पण त्या सावकाश वाढतात आणि नवख्यांच्या हाती टिकत नाहीत. ए३७५ सहज मिळते, झपाट्याने वाढते आणि रंगहीन असते. रंगद्रव्याच्या प्रकल्पासाठी ती मागवलेली पाहिली की मला मागणीपत्रकावर सही करणाऱ्या मार्गदर्शकाचे आश्चर्य वाटते.

तेव्हा शिकवण्यासाठी, सायक्लिक एएमपी मार्गाच्या अभ्यासासाठी आणि नव्या रोधकांच्या पहिल्या चाळणीसाठी बी१६-एफ१० घ्यावी. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात भरपूर कुप्या गोठवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवाव्यात, कारण सतत वाढवत राहिल्यास त्यांचा रंग हळूहळू बदलत जातो आणि वर्षाच्या आरंभीचे आकडे वर्षअखेरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. प्रत्येक कुपीवर पिढीचा क्रमांक आणि माध्यमाचे नाव लिहावे. काही पिढ्यांनंतर फ्लास्क टाकून नवी कुपी उघडावी, आणि तिच्यावर अल्फा-एमएसएचच्या तीन नळ्यांची चाचणी करून मगच पुढचे काम हाती घ्यावे.